नदीचं मूळ आणि माणसाचं कूळ

ऊस तुटून गेला की आमच्या भागात हेळवी येतात, घराण्यांच्या वंशावळी वहीत लिहून ठेवणारे. पूर्वी बैल घेऊन यायचे. यंदा आमच्या दारात आला तो मोटारसायकलवरून, पाठीला सॅक आणि सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. आमचं गाव पलूस तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. हेळव्याला इथं अजून मान आहे. ओसरीवर बसून, चहा घेऊन, त्यानं कानडी हेल काढत आमचं कूळ वाचायला घेतलं. मूळ पुरुष कुठून आला, त्याला मुलगे किती, थोरल्याचा वंश तो आमचा, मधला अथणीकडं गेला त्याची आता तिकडं चाळीसेक घरं, धाकट्याचा निर्वंश. असं करत करत तो माझ्या नातवापर्यंत पोचला. मी 31 वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं, त्या सवयीनं विचारून बसलो, "आणि मूळ पुरुषाच्या आधी?" वही मिटत तो हसला. म्हणाला, "नदीचं मूळ आन् ऋषीचं कूळ इचारू नये, मास्तर."

म्हण मोठी सोयीची आहे. खोदत गेलं तर काहीतरी अडचणीचं हाती लागेल, त्यापेक्षा खोदूच नये, असा तिचा सल्ला. ऋषींच्या बाबतीत तो योग्यही असेल. पण माणसाच्या कुळाबाबत हाच सल्ला आता वरूनही मिळू लागलाय. जानेवारी 2018 मध्ये तेव्हाच्या केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्र्यांनी औरंगाबादेत येऊन सांगितलं की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांपैकी कुणीही लिहून ठेवलेलं नाही. पुढं 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातल्या 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्यातली उत्क्रांती गेली आणि आनुवंशिकता तेवढी उरली. 1,800 हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि जाणकारांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. कारण सांगितलं गेलं मुलांवरचं ओझं कमी करण्याचं. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहेच, असंही. आता दहावीनंतर किती पोरं जीवशास्त्र घेतात, हे कुठल्याही गावातल्या शिक्षकाला विचारावं.

आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मात्र हा धडा आहे, आणि पहिलाच आहे. त्याबद्दल मंडळाचं कौतुक करायला हवं. पण धडा राहिला म्हणजे भांडण जिंकलं, असं मला वाटत नाही. माझं म्हणणं आम्हा शिक्षकांच्याच अंगावर येणारं आहे. उत्क्रांती पुस्तकातून काढणाऱ्यांचं काम आम्ही शिकवणाऱ्यांनी आधीच सोपं करून ठेवलं होतं. आम्ही ती पुराणासारखी सांगितली. 'फार फार वर्षांपूर्वी एक माकड होतं' अशी. ऐकणाऱ्यानं मग आपल्याजवळचं दुसरं पुराण काढलं, तर त्याला दोष कसा द्यायचा?

माझंच उदाहरण देतो. कितीतरी वर्षं मी फळ्यावर ती प्रसिद्ध रांग काढायचो: डावीकडं चार पायांवरचं माकड, मग वाकलेला, मग अर्धा वाकलेला, मग भाला घेतलेला, आणि उजवीकडं ताठ उभा माणूस. चित्र बरं यायचं माझं. दर वर्षी मागच्या बाकावरून तोच प्रश्न यायचा, "सर, मग आत्ताची माकडं माणूस का होत नाहीत?" आणि मी काय उत्तर द्यायचो ते लिहायला लाज वाटते. "हे परीक्षेत विचारत नाहीत."

खरं तर प्रश्न अचूक होता आणि चूक माझ्या चित्रात होती. उत्तर हेळव्याच्या वहीत होतं. अथणीची घरं आमच्यातून फुटली, म्हणजे अथणीवाले माझे आजोबा नव्हेत. ते माझे भाऊबंद. ते अजून तिथं आहेत म्हणून आम्ही खोटे ठरत नाही, आणि त्यांनी इथं येऊन आमच्यासारखं व्हावं अशीही अपेक्षा नसते. चिंपांझी हा आपला असा चुलत भाऊबंद. दोघांचा मूळ पुरुष 60-70 लाख वर्षांपूर्वीचा, तो चिंपांझीही नव्हता आणि माणूसही नव्हता. आणि हेळव्याच्या वहीत जसा पानोपानी 'निर्वंश' हा शब्द येतो, तसाच तो माणसाच्या कुळातही येतो. 3 लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवर एकाच वेळी निदान चार-पाच प्रकारची माणसं वावरत होती. युरोपात निअँडरथल, आशियात डेनिसोव्हन, दक्षिण आफ्रिकेत लहान मेंदूचा होमो नालेडी, शिवाय आपले स्वतःचे. आज त्यातली एकच शाखा उरली आहे. रांगेच्या चित्रात हे मावत नाही. तिथं मागचा प्रत्येक जण पुढच्याची पायरी होतो, आणि शेवटी आपण. मुलांच्या डोक्यात जातं ते हेच, की सगळी सृष्टी आपल्यापर्यंत पोचण्यासाठी रांगेत उभी होती. आणि मग ती म्हणतात, माकडं रांगेत मागं का राहिली?

दशावताराचंही इथंच सांगून टाकतो, कारण हा विषय काढला की कुणीतरी सांगतंच: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, आपल्याला हे आधीच ठाऊक होतं. क्रम देखणा आहे, मलाही आवडतो. पण त्यावरून कुठल्या देशात, कुठल्या थरात, कसलं हाड सापडेल हे सांगता येत नाही. डार्विननं 1871 मध्ये लिहिलं की गोरिला आणि चिंपांझी आपले सर्वांत जवळचे, आणि ते आफ्रिकेत. तेव्हा आपलेही पूर्वज आफ्रिकेत असण्याचा संभव जास्त. त्या वेळी आफ्रिकेतलं तसलं एकही हाड कुणाच्या हातात नव्हतं. पहिलं सापडायला 1924 साल उजाडलं. आधी सांगून पुढं सापडणं आणि सापडल्यावर आपल्या गोष्टीत बसवणं, ह्यात किती अंतर आहे हे दहावीच्या पोराला कळतं, फक्त कुणी सांगायला हवं.

आता पुस्तकाकडं येतो. नात दहावीत होती तेव्हा तिचं पुस्तक मी चाळलं. माणसाच्या उत्क्रांतीच्या भागात मानवसदृश प्राण्याची पहिली नोंद म्हणून 'रामापिथेकस'चं नाव छापलेलं. मी 1980 च्या दशकात नोकरीला लागलो तेव्हा हेच शिकवायचो. नाव आपल्या रामाचं म्हणून पोरांना लक्षातही राहायचं.

ह्या रामापिथेकसची हकिकत सांगण्यासारखी आहे. 1932 मध्ये येल विद्यापीठाचा एक तरुण संशोधक, जी. एडवर्ड लुईस, शिवालिकच्या टेकड्यांत फिरत होता. त्याला वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला, चार-दोन दात शिल्लक असलेला. दोन वर्षांनी त्यानं त्याला रामाचं नाव दिलं. पुढं 1960 च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी त्या तुकड्यांवरून ठरवलं की हाच माणसाच्या शाखेचा आद्य प्राणी, वय सुमारे 1 कोटी 40 लाख वर्षं. सगळीकडं पुस्तकांत तो छापून आला. मग 1967 मध्ये व्हिन्सेंट सारिच आणि ॲलन विल्सन या दोघांनी, हाडांना हातही न लावता, माणसाच्या आणि वानरांच्या रक्तातल्या प्रथिनांची तुलना केली आणि म्हणाले, ही दोन घरं वेगळी होऊन फार तर 50 लाख वर्षं झाली. हाडंवाले चिडले. रक्तावरून कुठं वय काढतात का? पण 1980 च्या सुमारास पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवापिथेकस या जुन्या वानराचा जवळजवळ अर्धा चेहरा मिळाला, आणि तो निघाला थेट ओरांगउटानच्या वळणाचा. रामापिथेकस म्हणजे त्याच जातकुळीतला. तो आपला आजा नव्हता, ओरांगउटानच्या घराण्यातला होता. आणि हे सांगितलं कुणी? ज्यानं आधी त्याला माणसाच्या घरात बसवलं होतं त्याच पिलबीमनं.

वर्गात सांगायचा धडा हा आहे. तज्ज्ञ चुकला, दुसऱ्या विषयाच्या माणसानं चूक दाखवली, वाद झाला, नवा पुरावा आला, आणि पहिल्यानं आपलं नाव असलेली नोंद स्वतः खोडली. ही हकिकत वगळून आम्ही फक्त खोडलेली नोंद मुलांना पाठ करायला देतो, तीही चाळीस वर्षांनी. मंडळातल्या कुणी हे वाचत असेल तर एवढी एक ओळ दुरुस्त करावी, नाहीतर त्याहून बरं, ती तशीच ठेवून पुढं काय झालं ते छापावं.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो, आणि तो चांगल्या शिकलेल्या माणसांकडून येतो: विज्ञान सारखं बदलतं, मग विश्वास कशावर ठेवायचा? ज्या माणसाच्या घरात सातबारा आहे त्यानं तरी हे विचारू नये. सातबाऱ्यावरची नावं बदलतात ती फेरफार नोंदवून. आधी कोण होतं, कुठल्या कारणानं कमी झालं, हरकत कुणी घेतली, मंजुरी कधी झाली, सगळं डायरीत राहतं. बदलतो म्हणून कुणी सातबारा खोटा म्हणत नाही. ज्यावर फेरफारच चढत नाही, तो उतारा बँकेतला माणूसही बाजूला सारतो. आणि खोटे उतारे इथंही निघतात, कबूल. इंग्लंडात पिल्टडाउन इथं 1912 मध्ये 'आद्य मानवा'ची कवटी निघाली. माणसाची कवटी, ओरांगउटानचा जबडा, दात कानशीनं घासलेले, वरून रंग दिलेला. 41 वर्षं ती नोंद चालली, कारण आद्य मानव मोठ्या मेंदूचा असावा आणि शक्यतो इंग्रज असावा असं तिथल्या थोरामोठ्यांना मनातून वाटत होतं. दरम्यान 1925 मध्ये रेमंड डार्टनं दक्षिण आफ्रिकेतल्या टाऊंगच्या पोराची कवटी जाहीर केली, लहान मेंदूची पण ताठ चालणाऱ्याची, तर तिला कुणी विचारेना. खोटी नोंद 1953 मध्ये पकडली ती शास्त्रज्ञांनीच. आपल्याला हवं तेच मूळ सापडलं की डोळे कसे मिटतात, याचा हा नमुना आहे, आणि तो इंग्रजांपुरता नाही.

पण पुरावा म्हणजे काय, हे मुलांना आफ्रिकेत नेल्याशिवाय दाखवता येतं का? येतं. आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर पुराच्या तीन रेघा आहेत: 2005, 2019, 2021. 2019 ची सगळ्यात वर, जवळजवळ तुळईला टेकलेली. त्या वर्षी पाणी उतरल्यावर परसात फावड्यानं खणलं तेव्हा वर ताजा गाळ होता, चिकट आणि काळपट. त्याखाली पालापाचोळ्याची आणि राखेची एक बारीक पट्टी, त्याखाली पुन्हा गाळ, आणि त्या जुन्या गाळात माझ्या मुलाच्या लहानपणची प्लॅस्टिकची जीप. थरांवरून काळ वाचणं म्हणजे हेच. जीप ज्या थरात, तो थर 2005 चा. तिच्यावरचं सगळं नंतरचं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया 1950 च्या दशकात प्रवरेकाठी नेवाशाला दगडी हत्यारं शोधत होते ती ह्याच पद्धतीनं, फक्त त्यांच्या थरांची वयं लाखांत होती.

दगडी हत्यारांवरून माझी एक फजिती. 2005 च्या पुरानंतर नदीकाठच्या दरडीत मला तळहाताएवढा, पेराएवढा जाड, टोकदार काळा दगड मिळाला. मी तो हातकुऱ्हाड समजून चार वर्षं कपाटात, मखमलीच्या तुकड्यावर ठेवला. पोरांना दाखवायचो, "हा आपल्या पूर्वजाच्या हातातला." शेवटी पुण्याला जाणं झालं तेव्हा एका जाणकार बाईंना दाखवला. त्यांनी तो उन्हात धरून सावकाश फिरवला आणि म्हणाल्या, "सर, हा नदीनं फोडलाय." मग समजावून सांगितलं. माणूस दगडावर दगड मारतो तेव्हा घाव कडेवर, ठरावीक कोनात बसतो. छिलका निघतो तिथं मूळ दगडावर शिंपल्यासारखी खोलगट खूण राहते आणि छिलक्यावर घावाच्या जागी फुगवटा. हातकुऱ्हाडीला अशा खुणा दोन्ही बाजूंनी, एकाला एक लागून, कडेकडेनं चालत गेलेल्या दिसतात. नदीत गडगडलेल्या दगडाला टवके असतात, पण कुठंही, कसेही, आणि वेगवेगळ्या काळातले. काही झिजलेले, काही ताजे. माझ्या दगडाला सात टवके होते आणि सातही दिशांना तोंडं करून. तो दगड आता लोणच्याच्या बरणीत फोडींवर दाब म्हणून असतो. पण निवृत्त होईपर्यंत दर वर्षी एक दिवस मी तो बरणीतून काढून, धुऊन, वर्गात न्यायचो. ती फळ्यावरची रांग काढायचं मी त्यानंतरच सोडलं. हा माणसानं घडवलेला का नाही, हे पोरांना ठरवायला लावलं की पाऊण तास कुणी घड्याळाकडं बघत नसे.

खरी हत्यारं मात्र आपल्या कृष्णेला आहेत, आणि फार लांब नाहीत. नृसिंहवाडीच्या खाली येडूर, जिथं आपले लोक वीरभद्राला जातात, तिथल्या येडूरवाडीला पुराश्मयुगातल्या हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत. आणखी खाली, कृष्णेच्याच खोऱ्यात, हुणसगीजवळ इसामपूरला तर त्या काळचा कारखानाच सापडला: चुनखडीच्या लाद्या उचकटून जागेवर हत्यारं घडवायची जागा. डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्यांनी ती खणली. तिचं वय सुमारे 12 लाख वर्षं निघालं. तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमचं त्याहून जुनं, सुमारे 15 लाख. 1863 मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला भारतातलं पहिलं पुराश्मयुगीन हत्यार ओळखणारा रॉबर्ट ब्रूस फूट पुढं आपल्या दक्षिण महाराष्ट्राच्या मुलखातही हिंडला. मिरजेहून बेळगावच्या गाडीत बसलं की गोकाक रोड लागतं. त्या गोकाकच्या बाजूला त्याला गेंड्याचे जीवाश्म मिळाले. आपल्या उसाच्या पट्ट्याशेजारी गेंडा! हे एक वाक्य पुस्तकात असतं तर मला तिसाव्या वर्षी कळलं असतं, पन्नाशीत कळलं.

हाडं मात्र नाहीत. भारतात हातकुऱ्हाडींच्या काळातली मानवी कवटी आजवर एकच, 1982 मध्ये नर्मदाकाठी हाथनोऱ्याला भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना मिळालेली. सह्याद्रीचा काळा पाषाण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, त्यात माणूस असण्याचा प्रश्नच नाही. शोधायचं ते नद्यांच्या जुन्या थरांत, गोट्या-वाळूच्या घट्ट झालेल्या पट्ट्यांत. आणि त्याच पट्ट्या आपण उपसून काढतोय.

वाळूच्या विषयावर लिहिणं म्हणजे चार शत्रू करणं. तरी मला ह्यात कुणाला गुन्हेगार ठरवायचं नाही, कारण ह्या शास्त्राचा इतिहासच खाणींनी लिहिलाय. 1856 मध्ये जर्मनीत निअँडरच्या खोऱ्यात हाडं निघाली ती चुनखडीच्या खाणीत, मजुरांच्या फावड्याखाली. टाऊंगचं पोर 1924 मध्ये निघालं तेही चुनखडीच्या खाणीतून. मोरोक्कोतलं जेबेल इर्हूद, जिथल्या हाडांनी 2017 मध्ये आपल्या जातीचं वय 3 लाख वर्षांपर्यंत मागं नेलं, ते 1961 मध्ये कळलं खाणकामगारांमुळं. तिन्ही ठिकाणी सुरुंग होता, घाई होती, पगारी माणसं होती. फक्त कुणीतरी एकानं हातातलं बाजूला ठेवलं आणि गावातल्या मास्तराला, डॉक्टरला, साहेबाला दाखवलं. निअँडरची हाडं ज्याच्याकडं गेली तो योहान कार्ल फुलरॉट शाळामास्तरच होता. आमच्याकडं पोकलेन चालवणाऱ्या पोराला सोन्याची मोहर ओळखता येते, वीरगळ ओळखता येतो, नक्षीचा दगड दिसला तर तो यंत्र थांबवून नारळ फोडतो. हातकुऱ्हाड ओळखता येत नाही, कारण त्यानं ती कधी बघितलेली नाही. ती क्रशरमध्ये जाते आणि खडी होऊन रस्त्यात बसते.

दाखवायचं म्हटलं तर लोक येतात का? 2024 च्या जुलैत लंडनहून वाघनखं आली तेव्हा साताऱ्याच्या शिवाजी महाराज संग्रहालयाबाहेर मीही रांगेत उभा होतो. पुढं कोरेगावचं एक कुटुंब होतं, कडेवरच्या पोराला आज्जी सांगत होती, "नीट बघ, बोटात कसं घालायचं ते." काचेमागं पोलाद. त्या रांगेत मला कुणी कंटाळलेला दिसला नाही. आपल्या माणसाच्या हातातली वस्तू बघण्याची ही जी ओढ आहे, तिला 12 लाख वर्षांपूर्वीचा हात का चालू नये? त्याच इमारतीत एक कपाट, त्यात कृष्णाखोऱ्यातल्या पाच-सहा हातकुऱ्हाडी, शेजारी नदीनं फोडलेला एक फसवा दगड, आणि फरक ओळखा एवढीच पाटी. माझा लोणच्यातला दगड मी द्यायला तयार आहे. सांगलीतही असं कपाट हवं, आणि तालुक्याच्या शिक्षक-प्रशिक्षणात निदान एक सकाळ नदीकाठी. इमारत, निधी, समिती यांपैकी काही लागत नाही.

म्हणीच्या पहिल्या अर्ध्याबद्दल अजून बोललोच नाही. नदीचं मूळ शोधू नये म्हणतात, पण ते तर शेजारच्याच सातारा जिल्ह्यात आहे: क्षेत्र महाबळेश्वरला, पंचगंगेच्या देवळात, गोमुखातून. मला तिथं नेहमी वाटतं की माणसाच्या कुळाचं इतकं चांगलं चित्र कुठल्याच पुस्तकात नाही. एका डोंगरावरून कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री निघतात. सावित्री कोकणात उतरते ती उतरतेच, पुन्हा ह्या बाजूला येत नाही. तशी चिंपांझीची शाखा. कोयना मात्र डोंगराच्या पलीकडून लांबचा वळसा घेऊन कऱ्हाडला परत कृष्णेला मिळते. निअँडरथल आणि आपण 5-6 लाख वर्षांपूर्वी असेच वेगळे झालो आणि सुमारे 50-60 हजार वर्षांपूर्वी पुन्हा भेटलो. 2010 मध्ये स्वांते पेबो यांच्या गटानं निअँडरथलचा जनुकसंच वाचला तेव्हा हा संगम कळला. 2022 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आफ्रिकेबाहेरच्या प्रत्येकात आज 1-2 टक्के तो वारसा आहे, तुमच्या-माझ्यातही.

कोविडचे सांगली जिल्ह्यातले पहिले रुग्ण मार्च 2020 मध्ये इस्लामपुरात निघाले, तेव्हा आम्ही सगळे दाराला कड्या लावून बसलो होतो. त्याच वर्षी पेबो आणि ह्युगो झेबर्ग यांनी दाखवलं की तो आजार बळावण्याची शक्यता वाढवणारा तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा निअँडरथलांकडून आलेला आहे, आणि दक्षिण आशियात साधारण निम्म्या लोकांत त्याची निदान एक प्रत आहे. वय, मधुमेह, ऑक्सिजनचा तुटवडा ही कारणं मोठी होती. सगळं निअँडरथलच्या माथी मारू नये. पण 'ह्या जुन्या हाडांचा आम्हाला उपयोग काय' असं विचारणाऱ्याला मी एवढं सांगतो.

आणि सांगलीच्या घाटावर उभं राहून ओंजळीत घेतलेलं पाणी कुणाचं? माहुलीला वेण्णा आली, पुढं उरमोडी, तारळी, कऱ्हाडला कोयना, मग येरळा, आणि घाटाखाली हरिपूरला वारणा यायचीच आहे. गोमुख पूज्य आहे, पण नदी एका गोमुखाची नाही. आपल्या जातीचंही एकच गोमुख सापडेल ही आशा संशोधक आता सोडत चाललेत. मोरोक्को, इथिओपिया, दक्षिण आफ्रिका, सगळीकडून ओहोळ आले आणि मिसळले असं चित्र पुढं येतंय. माणसाच्या कुळाचा अभ्यास नकोसा वाटण्याचं खरं कारण मला इथं दिसतं. माकडाचं दुःख कुणाला नाही. मारुतीच्या देवळात आपण रोज जातो. दुःख मिसळण्याचं आहे. आमच्या भागात शहाण्णव कुळी म्हटलं की मान ताठ होते, पत्रिकेवर ते छापतात, सोयरीक त्यावरून मोडते. 2013 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर केलेल्या अभ्यासात निघालं की भारतातले जवळजवळ सगळे समाज साधारण 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वी एकमेकांत मिसळत होते, आणि जातीबाहेर लग्न न करणं हे त्यानंतरचं आहे. ऋषीचं कूळ विचारू नये म्हणणाऱ्याला बहुधा उत्तर माहीत असतं.

हेळव्याच्या वहीतही एक उणीव आहे, ती मी त्याला त्या दिवशी बोलून दाखवली. तिच्यात बायका नाहीत. सुना नाहीत, लेकी नाहीत. माझ्या बहिणी जन्मल्याच नाहीत असं ती वही सांगते. शरीरातली दुसरी वही बरोबर उलटी आहे. मायटोकॉन्ड्रियातला डीएनए फक्त आईकडून येतो, मुलगे तो पुढं देत नाहीत. 1987 मध्ये रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि रामापिथेकसवाले तेच ॲलन विल्सन यांनी जगभरातल्या 147 जणांचे नमुने तपासले, बहुतेक बाळंतपणानंतरच्या वारेतून घेतलेले. आपल्याकडं जी वार परसात पुरून टाकतात, तिच्यातून त्यांनी आयांची ओळ मागं मागं नेली आणि ती सुमारे 2 लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतल्या एका बाईपाशी जाऊन थांबली.

हे मी त्याला जमेल तसं सांगितलं. त्यानं निम्मं ऐकलं, निम्मं सोडलं. त्याला अंकलखोप गाठायचं होतं. पायलीभर गहू आणि शर्टपीस पिशवीत टाकताना मी म्हटलं, नातवाच्या शेजारी नातीचंही नाव लिही. तो थांबला. वहीत पोरीसाठी रकाना नाही म्हणाला. मग सॅकमधून पेन काढलं, पान उलटं धरून कुठं जागा आहे ते बघितलं, आणि समासात, आडवं, तिचं नाव लिहिलं.